वारज्याच्या पुलाखाली भेटलेल्या दोघांचे आभार

मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास वारज्याच्या उड्डाणपुलाखाली माझी स्कूटर थांबली. इंजिन चालू, ॲक्सिलरेटर पिळला की नुसता आवाज, पण चाक ढिम्म हलेना. वरून पाऊस, फोनची बॅटरी संपत आलेली.

पाठीवर डिलिव्हरीची बॅग असलेला एक मुलगा थांबला. "ताई, बेल्ट तुटलाय. तुम्ही फक्त हँडल सरळ धरा." मागच्या फूटरेस्टला पाय लावून त्याने मला माळवाडीपर्यंत ढकलत नेलं. खड्डा आला की आधीच ओरडून सांगायचा. (त्या रस्त्यावर बरंच ओरडावं लागलं!) मधे फोन वाजला, तेव्हा थांबून ग्राहकाची बोलणी मुकाट ऐकून घेतली. उशीर कुणामुळे, ते काही सांगितलं नाही.

गॅरेजवाल्या काकांनी शटर अर्धं ओढलं होतं. तरी कव्हर उघडून बेल्टचे तुकडे काढले. नवा बेल्ट सकाळीच मिळणार, म्हणून सरळ स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ना नंबर विचारला, ना पत्ता. "पेट्रोल आहे. पुढचा ब्रेक जरा कमी लागतो, सांभाळून जा."

काकांना दुसऱ्या दिवशी भेटले. तो मुलगा मात्र लगेच वळून गेला होता. दादा, त्या ऑर्डरचे पैसे कापले नाहीत ना तुझे? दोघांचेही मनापासून आभार.