दोन चोर आणि तुझा प्रश्न

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मरण इतकं जवळून बघून आलात, आता तरी येशूबद्दल काही वेगळं वाटतं का?" मी "टाके ओढतायत, नंतर बोलू" म्हणालो. टाके ओढत होते हे खरं, पण उत्तर टाळलं हेही खरं. तू ख्रिस्ती झालीस तेव्हा मी "मरणाला भिणाऱ्यांचं औषध" म्हणून टोचून बोललो होतो. ते बोलणं अजून आपल्या दोघांमध्ये अडलेलं आहे, म्हणून आज लिहूनच टाकतो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी झोपलोय असं तुला वाटलं होतं. मी जागाच होतो. माझी कवळी तुझ्या रुमालात गुंडाळून ठेवलेली, तोंडाचं बोळकं झालेलं. तू उशाशी बसून ओठ हलवत होतीस आणि तुझा हात माझ्या हातावर होता. तेव्हा मी मनातल्या मनात म्हणालो, 'असलास तर सोडव.' कोणाला म्हणालो? बहुधा तुझ्या येशूलाच. दुसरं कोणी त्या वेळी खोलीत बोलावलेलं नव्हतं.

हे वाचून लगेच आनंदू नकोस. सकाळी भूल चढायच्या आत मला कळलं होतं की ती श्रद्धा नव्हती. बुडणारा माणूस काठीला धरतो, ती कोणत्या झाडाची आहे हे बघत नाही.

घरी आल्यावर तू ठेवून गेलेलं शुभवर्तमान, ते येशूच्या चरित्राचं पुस्तक, काढलं आणि लूकचा तेविसावा अध्याय वाचला. क्रूसावरच्या येशूच्या दोन्ही बाजूंना, क्रूसावरच, दोन गुन्हेगार. मरण तेच, वेळही तीच. एक म्हणतो, तू ख्रिस्त ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही. दुसरा सुटका मागतच नाही, फक्त माझी आठवण ठेव म्हणतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत तर दोघेही येशूची निंदाच करतात. म्हणजे मरण समोर आलं की माणूस वळतोच, असं तुमचं पुस्तकही म्हणत नाही. आणि माझी त्या रात्रीची हाक शब्दशः पहिल्या चोराची होती! तेवढ्यावर मला विश्वासू ठरवलंस, तर तू तुझ्याच पुस्तकावर अन्याय करशील.

बाहेरचे दाखलेही एका बाजूचे नाहीत. परलोक न मानणारा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७७६ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याआधी जुलैत त्याच्या ओळखीचा लेखक बॉस्वेल मुद्दाम त्याच्याकडे गेला होता, आता तरी हा परलोक मानतो का ते बघायला. ह्यूम म्हणाला, परलोक शक्य म्हणायचा तर विस्तवात टाकलेला कोळसा जळणार नाही हेही शक्य आहेच! अस्वस्थ होऊन परतला तो श्रद्धाळू बॉस्वेल. (मला यात थोडी मजा वाटते, माफ कर.) उलट ए. जे. एअर हा तत्त्वज्ञ, पक्का नास्तिक. १९८८ मध्ये त्याचं हृदय चार मिनिटं थांबलं होतं, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने लिहिलं की मरणानंतर काहीच नाही ही आपली खात्री किंचित ढिली झाली आहे. देवावरचा अविश्वास मात्र जागचा हलला नाही. प्रामाणिक माणूस. त्याच्यासारखं काही मला दिसलं असतं तर तुला सांगितलं असतं. मला काहीच दिसलं नाही. भूल दिली आणि पुढचं आठवतं ते थेट घसा कोरडा पडलेला.

मग बदललं काहीच नाही का? बदललं. त्या रात्री तुझा हात बर्फासारखा गार होता. तुझी प्रार्थना चालू होती आणि तरी तू माझ्याइतकीच घाबरलेली होतीस. औषध असतं तर गुण आला नसता का? माझं ते बोलणं चुकीचं होतं, मी ते मागे घेतो. आणि मार्कच्या पंधराव्या अध्यायात तुझा येशूच ओरडतो, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे वाक्य मला आधीही माहीत होतं, वादात तुझ्यावर फेकलंही होतं. या वेळी वाचताना वाद घालायला कोणी समोर नव्हतं. ज्या धर्मात खुद्द देवाच्या पुत्राचीही मरणाच्या भीतीतून सुटका होत नाही, तो भित्र्यांनी रचलेला नसावा एवढं मला वाटू लागलंय. मेल्यावर तिसऱ्या दिवशी तो जिवंत उठला, हे मात्र मला अजूनही पटत नाही. ते न पटताच मी जाईन, असं धरून चाल.

एक मागणं आहे. हिचन्स या नास्तिक लेखकाला कर्करोग झाला तेव्हा त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटी औषधांच्या गुंगीत मी काही बरळलो तर ते माझं समजू नका. माझंही तसंच समज. शुद्धीत म्हणालो तर धर, गुंगीत म्हणालो तर सोडून दे. प्रार्थना मात्र थांबवू नकोस. उशाशी ते ओठ हलताना बरं वाटत होतं, का ते विचारू नकोस.

रविवारी उपासनेनंतर येशील तेव्हा मोठ्या टाइपातलं शुभवर्तमान आण. या बारीक अक्षरांनी डोळे दुखतात. मार्क पहिल्यापासून वाचायचा आहे, तूच वाच. मधे मधे मी आडवं बोलेन, ती सवय काही ऑपरेशनने गेलेली नाही.

तुझा,
बाबा