पुस्तकाची आवृत्ती ग्राहकाला कळायला हवी

महोदय,

गेल्या महिन्यात मी एका संकेतस्थळावरून जाडजूड शब्दकोश मागवला. खोके उघडले तेव्हा पुठ्ठ्याचे कोपरे चेपलेले होते आणि बांधणीत एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) उलटा लागल्याने सलग सोळा पाने डोक्यावर उभी होती. प्रत बदलून मिळाली, पण त्यात तीन आठवडे गेले. दुकानात पाने चाळताना हा दोष तिथल्या तिथे लक्षात आला असता.

तरीही ऑनलाइन खरेदीला मी सरसकट नावे ठेवणार नाही, कारण ज्या जुन्या प्रतींसाठी पूर्वी वर्षानुवर्षे शोध घ्यावा लागे, त्या आज घरबसल्या मिळतात, आणि ज्यांना बाहेर पडणे कठीण आहे त्यांच्यासाठी तर हा मोठाच आधार आहे.

माझी खरी तक्रार अपुऱ्या माहितीबद्दल आहे. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो, पण अनेकदा मुखपृष्ठाचे चित्र एका आवृत्तीचे आणि हाती येणारी प्रत दुसरीच, असा अनुभव येतो. अनुवादित पुस्तकात अनुवादकाचे नावही दिलेले नसते. दुकानातला जाणकार विक्रेता मात्र "याची सुधारित आवृत्ती आली आहे, ती घ्या" असे आपणहून सांगतो. विक्री संकेतस्थळांनी निदान आवृत्तीचे वर्ष, अनुवादकाचे नाव, अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ ठळकपणे दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक