अशोक चौकातल्या मावशी आणि दादा, आभार!

शनिवारी वस्तीतल्या मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ ठेवला होता. विषय आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ. पण अशोक चौकात रिक्षातून उतरताना पिशवी निसटली, चाकाखाली गेली आणि आमच्या माळढोकीणबाईंची मान धडावेगळी! खेळाला पाऊण तास उरलेला.

समोरच्या शिलाईच्या दुकानातल्या मावशींनी हातातलं ब्लाउज बाजूला ठेवलं. मान नुसती जोडली नाही. आत टॉवेलच्या चिंध्या दाबून भरल्या, मग स्वतःची बोटं घालून ती डुलवून बघितली. "आता मान टाकत नाही बघा!" पैसे विचारले तर हसल्या.

तिथेच बसलेले यंत्रमाग कामगार दादा आमच्यासोबत आले. पडदा चिखलाने माखला होता, तर त्यांनी वाटेत घरून मोराची चादर आणून टांगली. पुढे बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांना घरची तेलुगूच जवळची, म्हणून अंड्याचा प्रसंग त्यांनी तेलुगूतून सांगितला. (आमच्यापेक्षा रंगवून, हे कबूल.)

गडबडीत दोघांची नावं विचारायची राहिली. मावशींकडे पांढरा दोरा नव्हता. तो निळा टाका आम्ही उसवलेला नाही.