चौदा चौकोन: माझ्या सुपरव्हायझर मॅडमना पत्र

प्रिय मॅडम,

शेवटच्या दिवशी नोंदींची फाइल तुमच्या टेबलावर ठेवली, "थँक यू मॅडम" म्हटलं आणि निघाले. बाकीचं घशातच राहिलं. आता चार महिने झाले, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण या वर्षीही कितीतरी जण एम.ए. करता करता शाळांत आणि वस्तीतल्या केंद्रांवर समुपदेशनाची इंटर्नशिप करत असतील. सुपरव्हायझर कशी असू शकते हे त्यांनाही कळावं, असं मला फार वाटतं. मुलांच्या हकिगती ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या आहेत. वाचताना तुम्ही आधी तेच तपासाल, माहीत आहे मला.

मी आले ती तास मोजतच. इंटर्न सगळीकडे तेच करतात. अमेरिकेत कॅक्रेप या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत इंटर्नशिपचे किमान ६०० तास भरावे लागतात, त्यातले २४० प्रत्यक्ष समुपदेशनाचे. माझ्या वहीतही तसेच रकाने आखलेले होते. तुम्ही ती वही मिटून बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "तुझा शेवटचा दिवस कधी?" मी तारीख सांगितली. "ही तारीख प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगायची. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना आधी कोणीतरी न सांगता सोडून गेलेलं असतं. त्यात आपली भर नको."

तेव्हा मला ते कठोर वाटलं. ओळख व्हायच्या आत निरोपाचं कशाला बोलायचं? तरी सांगत गेले. आठवीतल्या एका मुलाने तर लगेच कागद ओढला, चौदा चौकोन आखले आणि पहिल्यावर काट मारली. "तेरा उरले," म्हणाला. पुढचे कित्येक आठवडे त्याच्याकडून याहून फारसं काही आलं नाही. कसा आहेस? ठीक आहे. घरी? ठीक आहे. झोप? ठीक आहे.

आणि दर गुरुवारी तुम्ही मला विचारायचात, कसं चाललंय? मी म्हणायचे, ठीक आहे मॅडम. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तुम्ही पेन खाली ठेवलंत. "तो तुझ्याशी जे करतोय, तेच तू माझ्याशी करतेयस." हॅरल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्येच हे मांडलं होतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत: उपचाराच्या खोलीत जे घडतं, त्याची सावली सुपरव्हिजनच्या खोलीत पडते. मला त्या क्षणी एवढंच उमगलं की मी घाबरलेली आहे, आणि तोही घाबरलेला असणार.

मग तुम्ही सत्रं आठवून शब्दशः लिहून आणायला लावलीत. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये एका क्लायंटबरोबरची सगळी सत्रं ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून छापली होती. मोठ्या माणसाने एवढं उघडं पडायची तयारी दाखवली, तर आपण का नाही, म्हणालात. माझ्या एका पानावर तुम्ही प्रत्येक प्रश्नाखाली हिरवी रेघ ओढलीत. एका तासात तेवीस प्रश्न! आणि मी कंसात 'बराच वेळ शांतता' असं लिहिलं होतं, तिथे समासात तुमचा एकच शब्द होता: 'किती?' पुढच्या वेळी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर ठेवली. मला जी शांतता बराच वेळ वाटत होती, ती अकरा सेकंदांची होती. त्या अकरा सेकंदांत तो पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होता आणि त्याला बोलायचं होतं. मी दर वेळी मध्येच पुढचा प्रश्न टाकून त्याची वाट अडवत होते.

आता ती गोष्ट. हिच्याबद्दल आजवर कुठे बोलले नाही. नववीतली एक मुलगी दार लावून म्हणाली, "एक सांगते, पण कोणालाच सांगायचं नाही." मी म्हटलं, "नाही सांगणार." गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या भेटीतच समजावायच्या, जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी तोंडातून ते वचन गेलं, कारण तिने बोलावं अशी माझी घाई होती. ती म्हणाली, जगावंसं वाटत नाही.

तिला वर्गशिक्षिकेजवळ बसवून मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. तुम्ही रागावला नाहीत. "तिला एकटं सोडू नकोस, मी निघाले," एवढंच. आल्यावर मला वाटलं होतं की आपण तडक मुख्याध्यापकांकडे जाणार. तुम्ही म्हणालात, "आधी तिच्याकडे. तू तिला चुकीचं वचन दिलंस, ते तूच परत घ्यायचं." मी तिच्यासमोर बसून सांगितलं की असं वचन द्यायचा मला हक्क नव्हता, माझं चुकलं. ती चिडली, रडली, पण उठून गेली नाही. मग तुम्ही तिला सरळ विचारलंत, "जीव द्यायचा विचार येतो का?" माझ्या अंगावर काटा आला. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, उलट मनावरचा दाब हलका होतो, हे मी वाचलं होतं. तिचे खांदे खाली येताना पाहिले तेव्हा पटलं.

जीव द्यायचे विचार येणाऱ्यांसाठी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी आखलेली सुरक्षा योजना तुम्ही तिच्याकडून तिच्याच अक्षरात लिहून घेतलीत. मन बिघडायला लागलं हे कशावरून कळतं, तेव्हा एकटीने काय करता येईल, कोणाजवळ जाऊन बसता येईल, मदत कोणाकडे मागायची, कुठल्या तज्ज्ञाला गाठायचं, आणि घरातला धोका दूर कसा करायचा. घरी कोणाला सांगायचं हे तिने निवडलं. आपण बोलताना ती खोलीत होती. पुढे तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, ती शाळेत येत राहिली. संध्याकाळी तुम्ही मला घरी जाऊ दिलं नाहीत. अर्धा तास बसवलंत आणि घटना जशीच्या तशी लिहून घेतलीत, माझ्या चुकीसकट. "नोंदीत लपवलंस तर पुढच्या समुपदेशकाला तिचा राग कशावर आहे हे कळणार नाही," म्हणालात. त्या अर्ध्या तासाचे आभार मी कसे मानू?

केंद्रावरचं काम वेगळं होतं, तिथे मी उशिरा रुळले. बायका येऊन 'डोक्यात विचार थांबत नाहीत' म्हणायच्या आणि मी वहीत 'चिंता', 'नैराश्य' लिहायचे. तुम्ही झिम्बाब्वेतल्या 'फ्रेंडशिप बेंच'ची गोष्ट सांगितलीत. २००६ मध्ये हरारेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी १४ आज्यांना घेऊन हे काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून या आज्या लोकांचं ऐकतात, आणि दुखण्याला लोकांचाच शोना भाषेतला शब्द वापरतात: कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. मी वहीत त्या बायकांचे शब्द जसेच्या तसे लिहायला लागले, तेव्हा कुठे माझ्या नोंदी माणसांबद्दलच्या वाटायला लागल्या.

आणि तो चौदा चौकोनांचा मुलगा. हळूहळू बोलायला लागला होता. तेराव्या भेटीला आलाच नाही. मी तुम्हाला फोन केला, त्याला वर्गातून बोलावून घेऊ का? "नको. दार उघडं ठेव आणि त्याचा तास संपेपर्यंत तिथेच बस. तो तास त्याचा आहे." मी बसले. मोबाइल नाही, वही नाही. तास संपायला दहा-बारा मिनिटं उरली असताना तो दारात दिसला.

"तुम्ही अजून इथेच आहात?"

"आज तुझी वेळ आहे ना."

तो आत आला, खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेराव्या चौकोनावर काट मारली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी मी वेळेवर येतो."

आला, मॅडम. पाच मिनिटं आधीच.

तुमची,
गेल्या वर्षीची इंटर्न