मोबाइलवाल्या दादांना, बचत गटाकडून

दादा,

सप्रेम नमस्कार.

दुकान बंद ठेवून तुम्ही आमच्या गटाच्या बैठकीला आलात आणि आम्ही तुमची चहावर बोळवण केली. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

एकीच्या भाच्याने ॲपवरून कर्ज काढलं आणि वसुलीचे घाणेरडे फोन आम्हा बायकांना यायला लागले. का, तर आमचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होते! रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायला मनाई केली आहे, हे तुमच्याकडून कळलं. मनाईला जुमानतं कोण, ते सोडा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायचं धैर्यही तुम्हीच दिलंत.

मग एकेकीचा फोन तिच्याच हातात ठेवून तुम्ही शिकवलंत. सेटिंग, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, कॉन्टॅक्ट्स. कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी असलेल्या ॲपच्या यादीत कुणाकडे टॉर्च निघाली, कुणाकडे पत्त्यांचा खेळ. "टॉर्चला तुमच्या विहीणबाईंचा नंबर कशाला हवा?" म्हणालात आणि हशा पिकला. त्यानंतर परवानग्या भराभर बंद झाल्या. आधीच गेलेले नंबर यामुळे परत येणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलंत. खोटा दिलासा दिला नाहीत, ते मला फार पटलं.

एका काकूंनी कार्डाचा पिन 'एटीएम मावशी' नावाने सेव्ह केला होता. तुम्ही तो मोठ्याने वाचला नाहीत. हळूच म्हणालात, "काकू, ही मावशी आजच काढा आणि पिनही बदलून घ्या." कुणी लॉक उघडायला लागलं की तुमची मान भिंतीकडे. हे कुणी सांगून येत नाही, दादा.

माझ्याकडे सगळ्या जणींचे आणि बँकेच्या मॅडमचे नंबर आहेत. सचिव म्हणून विश्वासाने दिलेले. म्हणून, फोन चोरीला गेला तर सिम दुसऱ्या फोनमध्ये चालू नये यासाठी, माझ्या सिमलाही पिन लावून दिलात. 'मिस्टर', 'आई' अशी नावं दिसली की चोर पैसे मागायला आधी तिथेच फोन करतो, असं म्हणालात, तेव्हापासून आमचे हे माझ्या फोनमध्ये नुसत्या आडनावाने आहेत. थोडे रुसलेत, पण चालायचंच.

पुढची बैठक पाच तारखेला आहे. दोघींनी नवे फोन घेतलेत. जमलं तर या, नाहीतर आम्हीच दुकानावर येतो. आणि त्या दिवशी आमच्या फोनवर बसवलेल्या काचांचे पैसे मात्र मुकाट्याने घ्या.

आपली,
गटाची सचिव