टपालखातं नावाचा बँड

सिएटल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा तिसऱ्यांदा "काय म्हणालीस?" म्हणाले आणि फोन आईकडे देऊन उठून गेले. म्हणून हे पत्र. कानाचं मशीन कपाटात ठेवल्यावर ऐकू कसं येणार, हा विषय आज काढत नाही.

बाबा, सांगत होते ते तुमच्या खात्याचंच. इथे एका बँडचं नाव 'द पोस्टल सर्व्हिस' आहे. खरंच, टपालखातं! बेन गिबर्ड हा गायक आमच्या सिएटलचा आणि जिमी टँबोरेलो राहायचा लॉस एंजलिसला, म्हणजे साधारण १८०० किलोमीटर लांब. जिमी कॉम्प्युटरवर ताल-सूर रचायचा आणि ते ध्वनिमुद्रण पाकिटात घालून पोस्टात टाकायचा. बेन त्यात कापाकापी करायचा, शब्द लिहून गायचा, गिटार भरायचा आणि उलट टपाली पाठवून द्यायचा. बरंचसं काम असंच झालं. त्या काळी इंटरनेटवरून एवढ्या जड फाइली पाठवणं म्हणजे रात्र घालवणं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

फेब्रुवारी २००३ मध्ये 'सब पॉप' या इथल्याच स्वतंत्र कंपनीने त्यांचा अल्बम काढला. नाव काय, तर 'गिव्ह अप', म्हणजे 'सोडून द्या'! दहा वर्षांच्या आत त्याचा खप दहा लाखांवर गेला. त्या कंपनीचा याहून जास्त खपलेला एकच अल्बम, 'निर्वाणा' या बँडचा पहिला.

पण त्याच वर्षी अमेरिकी टपालखात्याची नोटीस आली: हे नाव आमचं आहे, वापरू नका. पुढची गंमत ऐका. कोर्टकचेरी न होता तडजोड झाली. नाव वापरा, पण टपालाचा प्रचार करा आणि पोस्टमास्तर जनरलच्या परिषदेत येऊन वाजवा. खात्याने स्वतःच्या वेबसाइटवर त्यांची सीडीसुद्धा विकली. तुमच्या सर्कलच्या साहेबांपुढे पोरं गिटार घेऊन उभी आहेत, असं चित्र डोळ्यापुढे आणा!

दुसरा अल्बम निघालाच नाही. बेनचा मूळचा बँड 'डेथ कॅब फॉर क्यूटी' जोरात चालला, आणि या दोघांची पाकिटं हळूहळू थांबली. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जुनी गाणी वाजवायला ते एकत्र आले, तेवढंच.

आई, तुला ते संगीत आवडणार नाही. शेजारी मिक्सर लावलाय असं वाटेल. पण त्यात जेनी लुईस नावाची एक बाई गाते, तिचा आवाज ऐकून बघ. दादाला सांग, तो मोबाइलवर लावून देईल.

बाबा, तुमचं मागचं पाकीट नीट पोचलं. झिप कोडचे, म्हणजे इथल्या पिनकोडचे, पाच आकडे लिहूनही सवयीने सहावा चौकोन आखला होतात. इथल्या पोस्टमनने काही विचारलं नाही.

तुमची,
मनू