एल्गारच्या चेलो कॉन्चेर्तोची सदोष सीडी: पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘संग्राहक आवृत्ती’ म्हणून विकलेल्या सीडीतील रेकॉर्डिंगची मोडतोड, चुकीची माहितीपुस्तिका आणि परतीस दिलेला नकार

महोदय,

इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा चेलो कॉन्चेर्तो (चेलो या मोठ्या तंतुवाद्यासाठी ऑर्केस्ट्रासह रचलेली कृती), वादक जॅकलिन द्यू प्रे, कंडक्टर म्हणजे ऑर्केस्ट्राचे संचालक सर जॉन बार्बिरोली, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, 1965. एवढे वाचून मी तुमच्याकडून ही सीडी मागवली. बिलाची प्रत, ऑर्डर क्रमांक आणि डब्याचे फोटो सोबत जोडले आहेत. सीडीवर ओरखडा नाही, ती कुठे अडकत नाही. बिघाड आहे तो तुम्ही ‘रीमास्टर’ या नावाखाली, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज सुधारण्यासाठी, केलेल्या कामात.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी सांगते. या कॉन्चेर्तोचे चार भाग आहेत, पण पहिला आणि दुसरा भाग सलग वाजतो. पहिला भाग अगदी खाली, मंद होत विरतो आणि त्याच शांततेतून चेलोवादक बोटांनी तारा छेडत दुसऱ्या भागात शिरतो. मग चेलो एक द्रुत लकेर सुरू करतो, थबकतो, पुन्हा सुरू करतो आणि अखेर धावत सुटतो. तुमच्या सीडीत साधारण आठ मिनिटांनी, पहिला भाग संपता संपता, आवाज हळूहळू बंद केला आहे. पुढे काही सेकंद पूर्ण शुकशुकाट आणि मग दुसरा ट्रॅक धाडकन सुरू. विलंबित संपवून द्रुत बंदिशीकडे वळणाऱ्या गायकाचा माइक मध्येच बंद करून पुन्हा चालू करावा, तसा हा प्रकार झाला. मूळ रेकॉर्डिंगमध्येच तशी फट आहे, असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. हे खरे नाही. माझ्याकडे याच रेकॉर्डिंगची जुनी एलपी आहे. तिच्यात दोन्ही भाग सलग आहेत. हवी असल्यास तेवढ्या तुकड्याची फाइल पाठवते, तुमच्या ध्वनिमुद्रकाने शेजारी ठेवून ऐकावी.

दुसरी गोष्ट आवाजाच्या ‘सफाई’ची. सुरुवातीला चेलोचे एकट्याचे ते भारदस्त स्वर झाले की थोड्या वेळाने व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या स्वराची वाद्ये) मुख्य धून हाती घेतात. तेव्हा ऑर्केस्ट्रात दुसरे कोणीही वाजवत नसते, म्हणून ही जागा इतकी उघडी वाटते. तुमच्या सीडीत नेमक्या इथे व्हायोलांचा आवाज गुदमरतो आणि प्रत्येक स्वराच्या शेपटीशी खालीवर होत राहतो. द्यू प्रेच्या गजाची तारेवरची खरखर जवळजवळ गेलीच आहे. त्या वेळी ती अवघी वीस वर्षांची होती आणि तिचे वादन अंगावर येणारे आहे. ते गुळगुळीत करून विकायचे असेल तर निदान डब्यावर तसे छापा.

यावर तुमच्या ईमेलमधले उत्तर असे, की हे रेकॉर्डिंग झाले त्या लंडनच्या किंग्सवे हॉलखालून भुयारी रेल्वे जात असे, तिचा आवाज काढण्यासाठी प्रक्रिया करावी लागली. रेल्वे जात होती, हे खरे आहे. त्या सभागृहात झालेल्या अनेक रेकॉर्डिंगमध्ये तिची घरघर ऐकू येते. पण घरघर असते खर्जात आणि तुमच्या सीडीतून गायब झाले आहे ते वरच्या पट्टीतले. म्हणजे तुम्ही टेपची सरसर काढायला गेलात आणि तिच्याबरोबर वाद्याचा पोतही पुसून टाकलात. आगगाडीला उगाच दोष कशाला?

आता पुस्तिका. डब्यावर बार्बिरोली आणि लंडन सिम्फनी, आत मात्र कंडक्टर म्हणून डॅनिएल बॅरेनबॉइम आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. ते द्यू प्रेचे 1970 मधले वेगळे, मैफलीतले रेकॉर्डिंग आहे आणि ते या सीडीत नाही. शिवाय याच सीडीवर ‘सी पिक्चर्स’ ही एल्गारची गीतमालाही आहे. ती गाणाऱ्या जॅनेट बेकर यांचे नाव ना डब्यावर, ना आत. हे नाव कसे सुटू शकते, ते मला खरोखर कळत नाही.

या रचनेच्या नशिबी हेळसांड सुरुवातीपासूनच आली. ऑक्टोबर 1919 मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तिचा पहिला प्रयोग स्वतः एल्गारच्या हाताखाली झाला. त्या मैफलीतला दुसरा कंडक्टर तालमीचा वेळ खाऊन बसला आणि प्रयोग फसला. त्या दिवशी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवणाऱ्यांमध्ये तरुण बार्बिरोली होते. पुढे त्यांनीच द्यू प्रेबरोबर हे रेकॉर्डिंग केले. 1919 मध्ये वेळ नव्हता म्हणावे तर तसे म्हणता येते. तुम्हाला मात्र विक्रीला काढण्यापूर्वी सीडी एकदा सलग ऐकायला कोणी अडवले होते?

‘सील उघडले असल्याने वस्तू परत घेता येणार नाही’ हे तुमचे शेवटचे उत्तर मला मान्य नाही. सील न उघडता सीडी सदोष आहे हे ग्राहकाला कसे कळावे? वस्तू सदोष असेल आणि जाहिरातीतले वर्णन एक, आतला माल दुसराच असेल, तर परतीचा असा नियम ग्राहक संरक्षण कायदा, 2019 पुढे टिकत नाही.

तेव्हा पुढील पंधरा दिवसांत सीडीची पूर्ण किंमत कुरिअर शुल्कासह माझ्या खात्यात जमा करावी आणि सीडी परत नेण्याची व्यवस्था तुमच्या खर्चाने करावी. बदली म्हणून याच आवृत्तीची दुसरी प्रत पाठवू नये, तिच्यातही तीच फट असणार. संकेतस्थळावरचे वर्णन दुरुस्त होईपर्यंत ही सीडी विक्रीतून काढावी, अशीही मागणी आहे. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी पुण्यात राहत असल्याने कायद्यानुसार मला तिथेच दाद मागता येते.

उत्तर लेखी द्यावे, फोन करू नये.

आपली ग्राहक,
पुणे

सोबत: बिल, डब्याचे व पुस्तिकेचे फोटो, आपल्या ईमेलची प्रत